सुकाणू कोणाचे?

'सुकाणू' हा शब्द हल्ली समुद्रापेक्षा सभागृहातच जास्त ऐकू येतो. पक्षाचे सुकाणू, संस्थेचे सुकाणू, सुकाणू समिती. शब्द मूळचा अरबी, 'सुक्कान'. समुद्रमार्गे चालणाऱ्या व्यापाराबरोबर तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि इथलाच झाला. संस्कृतात त्यासाठी 'कर्ण' होता. तो धरणारा तो कर्णधार. क्रिकेट संघाच्या प्रमुखाला आपण नकळत नावाड्याचीच पदवी देतो. मोटार आली तेव्हा मात्र यातला एकही शब्द तिच्यात बसला नाही. तिथे 'स्टिअरिंग' आले आणि राहिले.

गाडीचे मूळ स्टिअरिंग काढून बाजारातले दुसरे बसवणे, हा या लेखाचा विषय. गोष्ट गॅरेजातली आहे, पण तिचा इतिहास मला थळच्या किनाऱ्यावरून पाहावासा वाटतो. अलिबागहून रेवसच्या वाटेवर लागणाऱ्या या कोळ्यांच्या गावासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत, आणि नौका कोण कशी वळवतो यावर इथे एकदा राज्याचे भवितव्य ठरले आहे.

१६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला ही कल्पनाच मुंबईच्या इंग्रजांना सोसणारी नव्हती. त्यांनी बेटाभोवती जहाजे उभी केली. 'रिव्हेंज' हे त्यांतले मोठे. १८ ऑक्टोबरच्या सकाळी दौलतखानाचे आरमार चालून आले, इंग्रजांची 'डोव्हर' ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. 'रिव्हेंज' मात्र टिकून राहिले आणि आरमाराला माघार घ्यावी लागली. तरीही बेटाला होणारा पुरवठा इंग्रजांना तोडता आला नाही. मराठ्यांच्या हलक्या होड्या वाऱ्याची वाट पाहत नसत. वल्ह्यांवर चालत, उथळ पाण्यात शिरत, चटकन वळत. मोठ्या जहाजाला वाऱ्याखेरीज अंग हलवणे कठीण. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत ती आहे.

त्या लढाईत कोणाच्याही हाती चाक नव्हते. लहान होडीचे सुकाणू दांड्याने वळे. त्या काळच्या मोठ्या युरोपीय जहाजांवर खालच्या सुकाणूच्या दांड्याला जोडलेला एक उभा सोटा असे, आणि तो फार थोड्या कोनात फिरे. दोरखंड आणि कप्प्यांनी सुकाणूला जोडलेले चाक इंग्रजी आरमारात आले ते अठराव्या शतकाच्या आरंभी. चाकाने दोन गोष्टी साधल्या. थोडे बळ जास्त वेळ फिरवून मोठे काम होऊ लागले, आणि सुकाणू पुरेपूर वळवता येऊ लागले.

मोटारीने हाच प्रवास पुन्हा केला. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीला चाक नव्हते, दांडाच होता. २२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची स्पर्धा झाली. तीत आल्फ्रेड व्हाशेरोन नावाच्या स्पर्धकाने आपल्या पानार गाडीचा दांडा काढून त्या जागी चाक बसवले होते. मोटारीला चाक लावल्याचे हे पहिले ज्ञात उदाहरण मानले जाते. काही वर्षांतच पानार कारखान्याने सगळ्याच गाड्यांना चाक दिले. म्हणजे आज आपण 'कंपनीचे' म्हणतो ते स्टिअरिंग जन्मले तेच मालकाने बदललेला भाग म्हणून. हौशी माणसाने आधी बदलले आणि कारखान्याने मागाहून उचलले.

मालकाचा हा हक्क पुढे बराच काळ टिकला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यातून, कुर्ल्याहून, निघालेली फियाट आणि पुढची पद्मिनी घ्या. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिचे स्टिअरिंग मोठे, बारीक काठाचे, आणि गियरचा दांडा त्याच्याच खांबाला. मदतीला तेलाचा वा विजेचा जोर नाही. वळवायचे ते स्वतःच्या खांद्यांनी. काही हौशी मालक मूळ चाक काढून लहान, जाड, चामड्याने मढवलेले बसवत. ते दिसायला छान, पण तरफेचा नियम कोणाला सुटत नाही. ४० सेंटिमीटर व्यासाच्या जागी ३५ सेंटिमीटरचे चाक आले, की तेवढेच वळण घ्यायला सुमारे १४ टक्के जास्त जोर लागतो. रस्त्यावर ते जाणवत नाही. गाडी उभी करताना मनगटे बोलू लागतात.

काम मात्र सरळ होते, आजही तसल्या जुन्या गाडीवर सरळच आहे. पुढची चाके सरळ ठेवायची, बॅटरीची तार सोडायची, हॉर्नचे झाकण काढायचे, मधला मोठा नट ढिला करायचा. खांबाच्या टोकाला बारीक दाते असतात; जुने चाक कुठल्या दात्यावर होते त्याची खूण करायची आणि पुलर लावून ते ओढायचे. मग गाडीच्या दात्यांना जुळणारा बॉस, म्हणजे मधला जोडतुकडा, बसवायचा, त्यावर नवे चाक, आणि नट सांगितलेल्या ताकदीनेच कसायचा. एक दाता चुकला तर सरळ रस्त्यावर चाक तिरके दिसते. नट कमी कसला तर काय होईल हे सांगायला नको.

ही सरळ गोष्ट अवघड झाली ती चालकाच्या छातीमुळे. समोरून धडक बसली की ताठ खांब मागे येऊन चालकाला लागे. म्हणून दाबाखाली आत मिटणारे खांब आले. अमेरिकेत १९६८ पासून नव्या गाड्यांना ते नियमाने आवश्यक झाले. त्यानंतर एअरबॅग. अमेरिकन अभियंता जॉन हेट्रिक याला तिचे पेटंट १९५३ मध्येच मिळाले होते, पण गाड्यांत ती रुळायला १९८० चे दशक उजाडले. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. आता चाकाच्या मधोमध पेटणारे रसायन असते. धडकेनंतर डोळ्याची पापणी मिटायच्या आत ते पिशवी फुगवते. चाक कितीही फिरले तरी तारा तुटू नयेत म्हणून मागे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते. हॉर्न, गाण्यांची बटणे, सगळे तिच्यातून जाते. अशा गाडीचे चाक काढून बाजारातले सुबक चाक लावले, की एअरबॅग जाते. डॅशबोर्डवर दिवा पेटतो. तोही विझवून देणारे भेटतात. मग गाडी आपण सुरक्षित असल्याचे खोटे सांगत राहते.

थळच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या लहान होड्यांचे सुकाणू आजही कड्यांतून उचलून बाजूला ठेवता येते. दांडा हाताला आखूड वाटला तर लांब करून घ्यावा, मोडला तर सुताराने नवा घडवावा. होडी ज्याची, सुकाणू त्याचे. कर्णधाराचा हा मान मोटारवाल्यालाही बरीच वर्षे मिळाला. व्हाशेरोनने तो गाजवला. आपल्या हाताला हवी तशी वस्तू करून घेण्याची ही इच्छा क्षुद्र नाही. ती तुच्छतेने झटकून टाकणे मला पटत नाही.

तरी फरक मोजला पाहिजे. होडीचा दांडा बदलणारा फक्त दांडा बदलत असतो. आजचे स्टिअरिंग काढणारा स्वतःच्या छातीसमोरची उशी काढत असतो, आणि ती त्याने कधी फुगलेली पाहिलेली नसते, म्हणून ती गेल्याचेही त्याला जाणवत नाही. जुन्या पद्मिनीला चांगला बॉस लावून हवे ते चाक बसवावे. ती हौस रास्त आहे. दसऱ्याला ज्या चाकाला आपण झेंडूची माळ घालतो त्याच्या मधल्या झाकणावर 'एअरबॅग' ही अक्षरे असतील, तर हौस चामड्याच्या कव्हरावर भागवावी.