लग्नाची यादी

सुपारी फुटते, याद्या होतात. मानपान, पंगती, आहेर सारे लिहिले जाते. उद्याचे घर कोणाचे, एवढेच लिहायचे राहते. शेजारच्या गोव्यात मात्र तेही लिहिता येते. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा तेथे १८७० साली लागू झाला. लग्नाआधी वधूवरांनी नोटरीपुढे करार करावा. मिळकत वेगळी ठेवावी, किंवा लग्नानंतर मिळेल तेवढीच सामाईक करावी. अक्षता पडल्यावर मात्र अक्षर बदलता येत नाही. आणि काहीच लिहिले नाही, तर दोघांची सारी मिळकत निम्मी-निम्मी! कायद्याने कारभार नवऱ्याकडे दिला. पण घर विकायला बायकोची संमती हवीच. १९६१ साली पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. वाचकहो, आपल्या यादीत अशी एक ओळ मावणार नाही का?