एका बिलाची कुळकथा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या नया बाजारात आज सदरा घेतला, की हातात बिल पडतं. गिऱ्हाइकाला तो कागद दिसतो. संगणकाच्या लेखी ते ‘बिझनेस ऑब्जेक्ट’ असतं: माल, दर, कर आणि त्यांचे नियम एकाच गाठोड्यात बांधलेले.

या गाठोड्याचं कूळ नॉर्वेतलं. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेने माहिती आणि तिच्यावरची क्रिया एकत्र नांदवली. कोड लिहिणाऱ्या कोडचं कूळ त्याहूनही जुनं. आयबीएमने १९५९ मध्ये ‘आरपीजी’ आणलं. अहवालात काय कुठे छापायचं ते सांगा, प्रोग्रॅम यंत्र तयार करेल, असा त्याचा बाणा.

दोन्ही कुळांची सोयरीक गरजेपोटी जमली. बिलात एक रकाना वाढवायचा, तर तो डेटाबेसच्या तक्त्यात, क्लासमध्ये (म्हणजे त्या गाठोड्याच्या साच्यात), स्क्रीनवर अशा अनेक ठिकाणी लिहावा लागे. एक जागा राहिली, की हिशेब चुकला. रॉकफर्ड लोटका यांच्या ‘सीएसएलए’ या फ्रेमवर्कने तपासणी, बदल मागे घेणं, साठवण ही सामाईक कामं स्वतःकडे घेतली. तरी प्रत्येक रकान्यामागे त्याच त्या ओळी उरत. त्या टेम्प्लेटवरून यंत्राकडून लिहून घेण्याची रीत पडली. पुण्यात, १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी संस्थेत, विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनीही हाच विचार राबवला: व्यवसायाचं प्रारूप एकदा नीट मांडायचं आणि डेटाबेसपासून स्क्रीनपर्यंतचा कोड त्यातून काढायचा. ‘मास्टरक्राफ्ट’ ही साधनं त्यातून घडली.

एक अडचण होती. यंत्राने कोड पुन्हा लिहिला, की माणसाने त्यात घातलेली भर पुसली जाई. ‘सी शार्प’ भाषेत २००५ मध्ये ‘पार्शल क्लास’ आले आणि एकाच क्लासच्या दोन फायली झाल्या: एक यंत्राची, एक माणसाची. माझ्या मते या कुळातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

जीएसटीने तो पटवून दिला. १ जुलै २०१७ पासून बिलावर १५ अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक आणि मालाचा एचएसएन कोड आला. हे नवे रकाने, म्हणजे यंत्राचं काम. पण हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्याला १२, हा तेव्हाचा नियम, म्हणजे माणसाचं काम. २२ सप्टेंबर २०२५ ला ती मर्यादा २५०० झाली आणि वरचा दर १८ टक्के. या वेळी रकाना एकही वाढला नाही. बदलला तो फक्त नियम. तो माणसाच्या फायलीत, एकाच जागी असेल, तर दुरुस्ती दोन आकड्यांची. मात्र ती जागा आधीच ओळखून ठेवायला, कपडा कसा विकला जातो हे कळणारा माणूसच लागतो.