पहिलीनंतरची दुसरी : मराठी स्त्रीलेखन आणि नियतकालिकांचा इतिहास

मराठी स्त्रीलेखनाच्या इतिहासात 'पहिली' या शब्दाला फार मोठा मान आहे. पहिली निबंधकार, पहिली स्त्रीवादी लेखिका, पहिली दलित आत्मकथनकार अशी बिरुदे पाठ्यपुस्तकांत, व्याख्यानांत आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत सतत आढळतात. या बिरुदांमागील कृतज्ञतेविषयी शंका नाही. मात्र त्यांच्या गर्दीत इतिहासकाराला विचारावासा वाटणारा एक साधा प्रश्न हरवून जातो, असे आम्हांला वाटते. जी दुसरी लिहावयास बसली, तिला पहिली ठाऊक होती काय? तिने पहिलीचे लेखन वाचले होते काय? वाचले नसेल, तर ते तिच्यापर्यंत का पोहोचले नाही?

या प्रश्नाचे उत्तर लेखिकांच्या प्रतिभेत शोधून सापडणार नाही. ते छापखान्यांत, नियतकालिकांच्या अंकांत, त्या अंकांना आलेल्या प्रतिसादात आणि ग्रंथालयांच्या कपाटांत शोधावे लागते. स्त्रियांनी लिंगभाव आणि सामाजिक न्याय यांविषयी काय लिहिले, याची चर्चा आपल्याकडे बरीच झाली. ते लेखन कोठे छापले गेले, त्याला उत्तर कोणी दिले आणि ते पुढच्या पिढीच्या हाती कसे आले किंवा आले नाही, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. प्रस्तुत लेखात आम्ही काही परिचित नावे या अपरिचित बाजूने पाहू इच्छितो.

आरंभ १८५५ सालापासून करू. त्या वर्षी 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. मुक्ता ही मांग समाजातील, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र, १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झालेले. वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर आमचे धर्मपुस्तक कोणते, असा या मुलीचा रोखठोक सवाल आहे. पेशवाईत आपल्या लोकांचे काय हाल झाले हे ती सांगते. तसेच घरावर धड छप्पर नसताना पावसात आणि थंडीत बाळंत होणाऱ्या आपल्या बायांच्या हालांकडेही ती वाचकाचे लक्ष वेधते. जातीचे दुःख स्त्रीच्या शरीरावर कसे उतरते, हे मराठी गद्यात इतक्या लवकर आणि इतक्या लहान वयाच्या लेखणीतून आले, ही घटना असाधारण आहे.

तथापि, त्यापुढचा इतिहास शांत आहे. मुक्ताचे दुसरे लेखन आज उपलब्ध नाही. निबंध ज्या पत्रात आला, त्याचा वाचकवर्ग मिशनच्या परिघातला होता. जिच्यासाठी तो लिहिला गेला त्या बाईच्या हाती हा अंक पडण्याचा संभव जवळजवळ नव्हता, कारण तिला अक्षरच दिलेले नव्हते. निबंध छापला गेला, टिकला, परंतु त्यातून पुढचा निबंध जन्मास आला नाही.

सत्तावीस वर्षांनी, १८८२ साली, पुण्यात दोन पुस्तके छापली गेली. एक पंडिता रमाबाई यांचे 'स्त्रीधर्मनीति' आणि दुसरे ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना'. पहिल्याचा सूर उपदेशाचा आहे. स्त्रियांनी शिकावे, आपली उन्नती आपण करावी, असे ते सांगते. दुसऱ्याचा सूर फिर्यादीचा आहे. सुरत येथील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे अपिलात ती कमी झाली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या अनीतीवर जे ताशेरे झोडले गेले, त्यांनी ताराबाईंना लेखणी उचलावयास लावली. स्त्रियांच्या अंगी म्हणून जे जे दुर्गुण मोजले जातात ते एकेक घेऊन ताराबाई पुरुषांच्या अंगी लावून पाहतात आणि हिशेब मांडतात. तुलना हा शब्द येथे शब्दशः खरा आहे.

ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. या आकड्यांकडे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून पाहावे. ज्या ग्रंथाला आज आपण भारतीय स्त्रीवादाचा आद्यग्रंथ म्हणून गौरवितो, तो पाचशे प्रतींत मावला होता. त्याचे स्वागत कुचेष्टेने झाले. त्या काळी त्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ साली त्यांनी काढलेल्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची पाठराखण केली. पहिल्या अंकात ते रमाबाईंच्या धर्मांतरावरून उठलेल्या गदारोळात रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले होते. म्हणजे दोघींच्या बाजूने एकाच वर्षी, एकाच पत्रातून एकच माणूस बोलत होता. त्या दोघींनी परस्परांस उत्तरे द्यावीत, वाद घालावा, असे स्वतःचे व्यासपीठ मात्र त्यांना नव्हते. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही.

याच १८८५ साली मुंबईत एक वेगळी घटना घडत होती. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले होते आणि पती दादाजी भिकाजी यांनी न्यायालयात धाव घेतली होती. खटला चालू असताना 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या इंग्रजी सहीने दोन पत्रे आली, एक बालविवाहावर आणि दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. ती रखमाबाईंची होती. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा अथवा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखविली. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

या पत्रांना उत्तरे भरपूर मिळाली. टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी रखमाबाईंविरुद्ध आघाडी उघडली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत पोहोचलेल्या वादाला या खटल्याने धार दिली. ताराबाईंना जे लाभले नाही ते रखमाबाईंना लाभले, कारण त्यांची लेखणी शासनकर्त्यांच्या भाषेत आणि शासनकर्ते वाचत असलेल्या पत्रात चालली. त्याची किंमतही होती. मराठी लिहिणाऱ्या पुढच्या बाईला ही पत्रे सहज वारसा म्हणून मिळाली नाहीत. ती स्त्रीलेखनाच्या इतिहासात न जाता कायद्याच्या इतिहासात गेली.

सहीचा मुद्दा येथे लक्षात घेण्याजोगा आहे. ताराबाईंनी आपले नाव दिले आणि त्या एकाकी पडल्या. रखमाबाईंनी नाव झाकले आणि त्यांचे म्हणणे नावाखेरीज ऐकले गेले. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तेव्हाही लेखिकेने 'विभावरी शिरूरकर' या नावाचा आडोसा घेतला होता. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे तिचे खरे नाव. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित मुलींच्या मनातील गोष्टी उघड लिहिल्या म्हणून केवढे वादळ उठले हे वाचकांस ठाऊक आहेच. पन्नास वर्षांत लेखिकेची भाषा बदलली, तिचे विषय घरातल्या खोल्यांपर्यंत गेले. परंतु लिहिण्याबद्दल द्यावी लागणारी किंमत फारशी उतरली नव्हती.

एक गोष्ट मात्र बदलत होती. १९३० साली किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' हे मासिक सुरू झाले. त्याचा संसार मध्यमवर्गीय होता, मर्यादाही त्याच वर्गाच्या होत्या. तरीही दर महिन्याला येणाऱ्या अंकाचे एक सामर्थ्य असते आणि ते ग्रंथाला नसते. एकीने लिहिले की दुसरी पुढच्या अंकात पत्र लिहू शकते, तिसरी त्या पत्रावर हरकत घेऊ शकते. वाचणारी हळूहळू लिहिणारी होते. मराठी स्त्रीलेखनाला सातत्य मिळाले ते अशा जागांमुळे, असे आमचे मत आहे. एखाद्या थोर ग्रंथाने वाट दाखविली असेल. ती रुळली मात्र अंकांमुळे.

या वाटेवर सर्वांना सारखाच प्रवेश नव्हता, हेही त्याच जोराने सांगितले पाहिजे. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे दलित वर्गातील स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. हजारो स्त्रियांसमोर घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, कामगार स्त्रियांच्या कामाच्या अटी यांविषयीचे ठराव मांडले गेले. स्त्रीप्रश्नाची ही मांडणी त्या काळच्या कोणत्याही मध्यमवर्गीय मासिकाच्या पुढे होती. तरी साहित्याच्या इतिहासाने तिची नोंद घेतली नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव जाऊन चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले, तेव्हा हा तुटलेला धागा पुन्हा हाती आला. मध्ये अर्ध्या शतकाचे अंतर पडले होते.

ताराबाईंच्या बाबतीत ते अंतर त्याहून मोठे होते. स. गं. मालशे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' पुन्हा प्रकाशित केली १९७५ साली. म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते आणि पुण्यात स्त्रीमुक्तीच्या परिषदा भरत होत्या. चळवळीतल्या तरुण स्त्रियांना आपली एक पूर्वज अचानक गवसली. आनंदाचाच तो क्षण. पण त्याच्या पोटात एक विषाद आहे. या त्र्याण्णव वर्षांत ज्या ज्या बाईने पुरुषी नीतीविरुद्ध लिहिले, तिला बव्हंशी आपणच आरंभ करीत आहोत असे वाटले असणार. पूर्वज हरवली की प्रत्येकीला पुन्हा पहिली व्हावे लागते, आणि पहिलीच्या वाट्याची कुचेष्टाही पुन्हा सोसावी लागते. 'पहिली' या बिरुदाची ही दुसरी बाजू आहे.

याच्या उलट उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे. त्या छोटे दुकान चालवीत. माल बांधून देण्यासाठी येणारी रद्दीतली वर्तमानपत्रे त्या वाचीत, आणि तेथेच बसून लिहीत. लिहिलेले घरच्यांच्या दृष्टीआड ठेवीत. असे जवळपास वीस वर्षे चालले. 'जिणं आमुचं' हे त्यांचे लेखन १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ साली ग्रंथरूपात आले. महार स्त्रीच्या वाट्याला आलेले दुहेरी दास्य, एक गावाचे आणि दुसरे घरातल्या पुरुषाचे, त्यांनी कोणाचीही भीड न बाळगता लिहिले. मध्यमवर्गीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मासिकाने हे लेखन छापले, ही त्या मासिकाच्या इतिहासातील मोठी घटना होय. विद्या बाळ या 'स्त्री'च्या संपादनाशी दीर्घकाळ निगडित होत्या आणि पुढे १९८९ साली त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. त्या नावातच बहुवचन आहे, हे सहज म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

त्या बहुवचनात नेमक्या कोण कोण येतात, हा प्रश्न शर्मिला रेगे यांनी १९९८ साली इंग्रजीतून लिहिलेल्या निबंधात कठोरपणे विचारला. दलित स्त्रीचे वेगळे बोलणे हे केवळ अनुभवाचे वैविध्य म्हणून बाजूस ठेवता येणार नाही. त्यातून सर्वच स्त्रीवादी विचाराने आपली जागा तपासून घ्यावी, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. मुक्ता साळवे यांच्या निबंधाकडे या दृष्टीने पाहिले, तर तो 'बालवयातील चमत्कार' राहत नाही. एका दीर्घ युक्तिवादाचे ते पहिले कलम ठरते, आणि त्याचे पुढचे कलम लिहावयास शंभराहून अधिक वर्षे का लागली, हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

अध्यापकांसाठी यातून एक व्यावहारिक सूचना निघते. अभ्यासक्रमात आपण या लेखिकांचे वेचे शिकवितो. वेचा हा स्वभावतःच एकाकी असतो. त्याच्या आजूबाजूचा अंक, पुढच्या महिन्यातले पत्र, संपादकीय टीप हे सारे त्यातून गळून पडते. एखाद्या सत्रात विद्यार्थ्यांनी वेच्याऐवजी एका जुन्या मासिकाचे वर्षभराचे अंक वाचावेत. कोणी लिहिले, कोणी उत्तर दिले, कोणाचे पत्र छापले गेले आणि कोणाचा आवाज बारा अंकांत एकदाही आला नाही, याची टिपणे काढावीत. शेवटचा रकाना भरणे सर्वांत कठीण जाईल. इतिहासाचे शिक्षण बहुधा तेथेच होईल.

लिहिण्याचे धैर्य या स्त्रियांपाशी होतेच. तेराचौदा वर्षांच्या मुलीपासून दुकानात बसलेल्या बाईपर्यंत ते कोणापाशीही उणे नव्हते. उणीव होती ती वाचून उत्तर देणाऱ्यांची आणि ते उत्तर जपून ठेवणाऱ्यांची. ती भरून काढण्याचे काम थोर प्रतिभेचे नाही. ते वाचकांचे, ग्रंथपालांचे, संपादकांचे आणि शिक्षकांचे काम आहे, आणि म्हणूनच ते आपल्याला करता येण्यासारखे आहे.