कर्मवीर अण्णा आणि आपला समाज

प्रतिवर्षी स्मरणिका निघाली की आपल्या समाजात जन्मलेल्या थोर पुरुषांची नावे तीत आपण अभिमानाने छापतो. त्या नामावळीत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव अग्रभागी असते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या पुरुषाचा आपण अभिमान धरतो, त्यास एके काळी आपल्याच समाजाच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले होते, ही गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. ती सांगितल्यावाचून अण्णांचे मोठेपण नीट कळत नाही व आपले कर्तव्यही कळत नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून यंदा गौरवाची चार वाक्ये कमी लिहून तीच हकीकत समाजबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. त्या काळी हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा अण्णा सातारचे की सांगलीचे हा वाद व्यर्थ होय. ते दोहोंचेही आहेत. वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात नोकरीस होते. बस्तीतील दर्शन, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळलेले पाणी आणि सोवळेओवळे या चाकोरीत वाढलेले हे शेतकरी घर होते. ती चाकोरी वाईट होती असे कोणीही म्हणणार नाही. तिने आपल्या माणसांस मितव्यय, निर्व्यसनीपणा व दयाबुद्धी दिली. परंतु चाकोरीचा एक दोष असा की, तीतून चालणाऱ्यास आजूबाजूचे रान दिसत नाही.

शिक्षणाची वाट त्या वेळी नुकतीच उघडत होती. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रोत्साहनाने निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघू लागली. त्यांत जैन वसतिगृहही होते. खेड्यातून आलेल्या मुलास शहरात शाळेपेक्षाही जेवणाची व निवाऱ्याची अडचण मोठी असे. आपापल्या जातीच्या पंक्तीतच जेवण्याचा तो काळ होता. म्हणून जातवार वसतिगृहे काढल्यावाचून बहुजनांची मुले शिकलीच नसती. ज्यांनी ती उभारली त्यांचे ऋण आपल्यावर आहे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

भाऊराव याच वसतिगृहात राहून शिकत होते. तेथील सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या विद्वान व कडक शिस्तीच्या पुरुषाकडे होती. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाचे उद्घाटन झाले. भाऊराव त्या समारंभास गेले. परत आल्यावर त्यांस स्नान करून मगच आत येण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते साफ नाकारले. परिणामी वसतिगृह सुटले, आणि पुढे शिक्षणही अपुरेच राहिले.

वाचकहो, या प्रसंगाकडे आज पाहताना एका बाजूस खलपुरुष व दुसऱ्या बाजूस साधुपुरुष उभा करण्याचा मोह होतो. तसे करणे अन्यायाचे होईल. नियम करणारी माणसे प्रामाणिक होती. समाजाने विश्वासाने मुले सोपविली आहेत, त्यांचा आचार बिघडता कामा नये, एवढीच त्यांची दृष्टी होती. खुद्द लठ्ठे हे पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले, इतक्या योग्यतेचे पुरुष होते. तरीही त्या दिवशी नियम लहान ठरला आणि विद्यार्थी मोठा ठरला, हे आज कबूल करण्यात कमीपणा नाही.

या दोघांच्या संबंधाचा पुढचा अध्याय अधिक बोधप्रद आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरातील राजपुतळ्यास डांबर फासण्याचे प्रकरण उद्भवले. त्यात लठ्ठे यांस गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव त्यांच्यावर आणण्यात आला. ज्यांच्या शिस्तीमुळे वसतिगृह सोडावे लागले, त्यांच्यावर उगवण्याची संधी आपण होऊन चालून आली होती. भाऊरावांनी तुरुंगवास व छळ सोसला, परंतु साक्ष दिली नाही. समाजाची चौकट त्यांनी ओलांडली होती. समाजाने शिकविलेले सत्य मात्र सोडले नव्हते. परिवर्तन म्हणजे पूर्वजांचा त्याग, असे ज्यांस वाटते, त्यांनी या प्रसंगाचा अवश्य विचार करावा.

पोटासाठी भाऊरावांनी साताऱ्यात खासगी शिकवण्या केल्या. पुढे ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही मुंबईची मास्तरकी सोडून आलेले गृहस्थ. औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडलनजीक दिलेल्या ओसाड माळावर त्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे त्यांच्या पहिल्या नांगरांस दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही. अशा मालाची विक्री करणे म्हणजे नुसता व्यापार नव्हे. माणसांच्या मनातील भीतीशी रोज गाठ घालणे होते. गावोगाव हिंडताना भाऊरावांस कळून चुकले की, जमिनीच्या आधी मने नांगरली पाहिजेत.

त्यापूर्वीच, १९१० च्या सुमारास, दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्यात त्यांचा हात होता. घराघरांतून मूठ मूठ धान्य जमवून तो चालविला जात असे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत आणि एका पंक्तीस जेवीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. कोल्हापुरात ज्या विद्यार्थ्यास स्नान केल्यावाचून आत येऊ नको असे सांगण्यात आले होते, त्याने साताऱ्यात असे दार उघडले की, तेथे कोणासही बाहेर थांबावे लागू नये.

परंतु हे दार एकट्या अण्णांनी उघडले, असे म्हणणे अपुरे होईल. पुरुष सभेत भाषण करून पुढे जातो. त्याचा अर्थ चुलीपाशी स्त्रीस लावावा लागतो. लक्ष्मीबाई या सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या होत्या. त्यांनी सर्व जातींच्या मुलांस पोटच्या मुलांप्रमाणे वाढले. धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. अण्णांनी एका दिवशी नियम मोडला. लक्ष्मीबाईंस तो दररोज, प्रत्येक पंक्तीस मोडावा लागला असेल. आमच्या मते दोहोंत कठीण पाऊल त्यांचे होते.

तिसरे पाऊल होते आईबापांचे. आपला मुलगा परजातीच्या मुलांबरोबर जेवतो हे गावात कळले म्हणजे सोयरीक जुळेल काय, बिरादरी काय म्हणेल, ही शंका त्या काळच्या प्रत्येक घरात असणारच. तरी त्यांनी मुले पाठविली. त्या अनामिक आईबापांची नावे कोणत्याही स्मरणिकेत नाहीत. त्यांनी धैर्य केले नसते तर अण्णांचे वसतिगृह रिकामेच राहिले असते. ९ मे १९५९ रोजी अण्णा निवर्तले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभरावर व प्राथमिक शाळा पाचशेवर गेल्या होत्या. २०१९ मध्ये संस्थेने शंभर वर्षे पुरी केली. हा वटवृक्ष अशा घराघरांतील धैर्यावर वाढला आहे.

आता आपल्याविषयी. आज आपली मुले पुणे, बंगळूर व परदेशी जातात. गाव सोडण्याचे भय उरलेले नाही. पंक्तीचा प्रश्नही बहुतांशी मिटला आहे. म्हणून आपण परिवर्तन स्वीकारले, असे समाधान मानण्याकडे आपला कल असतो. परंतु गाव सोडणे निराळे आणि चाकोरी सोडणे निराळे. दूर देशी जाऊनही मनाने आपल्याच आळीत राहता येते. आणि अण्णांसारखा पुरुष सातारा जिल्हा न सोडता साऱ्या महाराष्ट्राचा होऊ शकतो.

यास्तव आम्ही एक नम्र सूचना करतो. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून प्रतिवर्षी काही शिष्यवृत्त्या समाजाबाहेरील गरजू विद्यार्थ्यांस द्याव्यात. देणगीदारांनी पैसा समाजासाठी दिला आहे, असा आक्षेप येईल व तो गैरवाजवी नाही. त्यांची संमती घेऊनच हे करावे. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी एवढेच आठवावे की, आपल्यापैकी असंख्यजण रयतेच्या शाळांत शिकले, आणि त्या शाळांसाठी मूठ मूठ धान्य देणाऱ्या घरांची जात आपण कधी विचारली नाही.

अण्णांचे नाव आपण स्मरणिकेत छापतो. त्यांनी नाकारलेले ते स्नान आपल्या मनातून गेले आहे की नाही, हे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे. तेवढे झाले तर या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.