गोठ्यातला एका वायरीचा बल्ब

सातवीत असताना सरांनी वर्गात विद्युत परिपथाचा प्रयोग करून दाखवला. एक सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वायरचे दोन तुकडे. दोन्ही तुकडे जोडले की बल्ब लागायचा, एक सोडला की विझायचा. "वीज जिथून निघते तिथं परत पोचणार असेल, तरच वाहते," सर म्हणाले. मी हात वर केला. "सर, आमच्या गोठ्यात एकाच वायरीवर बल्ब चालतो." वर्ग हसला. सरही हसले. "घरी जाऊन नीट बघ," म्हणाले.

मी नीटच बघितलं होतं. आमचं घर मुरुडच्या कडेला आणि गोठा घरापासून शंभरेक पावलांवर. दोन वायरी ओढायच्या म्हणजे दुप्पट खर्च. म्हणून तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, घरातल्या बोर्डातून फेजची एकच वायर गोठ्यापर्यंत नेली होती. होल्डरची दुसरी वायर गोठ्याच्या दाराशी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी गजाला गुंडाळलेली. याला आमच्याकडं 'अर्थिंगवर चालवणं' म्हणतात. गजाच्या बुडाशी रोज मिठाचं पाणी घालायचं काम माझं. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडल्या की बल्ब तांबडा, मिणमिणता व्हायचा. लोटाभर पाणी घातलं की पुन्हा उजळायचा.

मग सर चुकले होते की तात्या? बऱ्याच वर्षांनी कळलं, की जवळपास हाच गोंधळ १८३८ साली जर्मनीत एका शास्त्रज्ञासमोर उभा राहिला होता.

१८०० साली इटलीच्या व्होल्टानं जस्त आणि तांब्याच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवले आणि जगातली पहिली बॅटरी तयार झाली. त्याआधी माणसाच्या हाती होती ती घर्षणाची वीज. एक ठिणगी पडली की संपली. व्होल्टाच्या बॅटरीमुळं वीज सलग वाहू लागली. १८२७ मध्ये ओहमनं तिचा हिशेब मांडला: जोर, म्हणजे व्होल्टेज जितकं जास्त तितकी धारा जास्त, आणि वाटेतला अडथळा, म्हणजे रोध जितका जास्त तितकी ती कमी.

या वाहत्या विजेचा पहिला मोठा उपयोग तारायंत्रासाठी झाला. म्युनिकचा कार्ल स्टाईनहाईल रेल्वेचे दोन रूळ तारांसारखे वापरता येतात का ते तपासत होता. जमणार कसं? एका रुळातली वीज जमिनीतून दुसऱ्या रुळात पळून जायची. पण त्या फसलेल्या प्रयोगातून त्याच्या ध्यानात आलं, की जमीन जर इतक्या सहज वीज वाहून नेत असेल, तर परतीची तार हवीच कशाला? दोन्ही टोकांना धातूचे पत्रे पुरले आणि एकाच तारेवर काम भागलं.

पुढं जगभरात तारायंत्राची हीच रीत झाली. कलकत्त्यात डॉक्टर विल्यम ओ'शॉनेसीनं १८३९ मध्ये तारायंत्राचे प्रयोग केले, तेव्हा हुगळी नदीचं पाणीही परिपथाचा भाग म्हणून वापरून पाहिलं. मुरुडवरून जाणारी बार्शी लाईट रेल्वे १९११ साली लातूरला पोचली, तोवर 'एक तार आणि जमीन' ही जुनी गोष्ट झाली होती. तात्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शेजारच्या गोठ्यात बघून त्यांनीही गज ठोकला होता.

म्हणजे सर बरोबर होते आणि तात्यांचा बल्बही खोटा नव्हता. दुसरी वायर होतीच, फक्त ती दिसत नव्हती. गावातल्या डीपीवर न्यूट्रल जमिनीत पुरलेला असतो. आमच्या बल्बमधून निघालेली वीज गजातून मातीत शिरायची आणि मातीतूनच डीपीपर्यंत परत जायची. साठ वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर धारा घेतो. त्याचा स्वतःचा रोध जवळपास ८८० ओहम. ओल्या जमिनीत गजाचा रोध त्यापुढं किरकोळ, म्हणून बल्ब लख्ख. माती वाळली की तो वाढायचा आणि बल्ब मंद व्हायचा. आमचा बल्ब एका अर्थानं जमिनीतली ओल मोजत होता.

जूनमधली एक संध्याकाळ. पहिला मोठा पाऊस नुकताच उघडला होता. आजी ओट्यावरून म्हणाली, "आरं, गोठ्यातली लाईट बारीक झाली बघ. गजाला पाणी टाकून ये." मी लोटा घेऊन निघालोही. अर्ध्या वाटेत मनात आलं: एवढा पाऊस झाला, जमीन चिंब आहे, मग बल्ब बारीक का? मी तिथंच थांबलो आणि तात्यांना हाक मारली.

तात्यांनी दुरूनच बघितलं आणि पळत जाऊन घरातला फ्यूज ओढला. म्हैस दाराशी आडवी पडली होती. तिच्या पायात अडकून वायर गजावरून सुटली होती आणि तिचं उघडं टोक म्हशीच्या पोटाखाली होतं. बल्ब विझला नव्हता, कारण परिपथ तुटलाच नव्हता. गजाच्या जागी म्हैस आली होती. तिच्या शरीराचा रोध गजापेक्षा जास्त, म्हणून उजेड तेवढा कमी. म्हैस तोवर गेली होती.

ओल्या अंगाच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरतात. बल्ब आणि माणूस एकामागं एक, म्हणजे एकसर जोडणीत आले, तर ओहमच्या हिशेबानं शंभर मिलिअँपिअरच्या वर धारा वाहते. हृदय बंद पडायला तेवढी पुरते. पाच अँपिअरच्या फ्यूजला ती जाणवतही नाही. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. मी लोट्यातलं पाणी सांडत त्या वायरीपर्यंत गेलो असतो तर काय झालं असतं, हा हिशेब मी पुढं कॉलेजात असताना एकदा कागदावर केला आणि कागद फाडून टाकला.

तात्यांची युक्ती अडाणीपणाची नव्हती. न्यूझीलंडमध्ये १९२५ च्या सुमारास लॉइड मँडेनो नावाच्या इंजिनिअरनं दूरदूरच्या शेतांवर एकाच तारेनं वीज नेली आणि परतीला जमीनच वापरली. पण त्यानं मध्ये वेगळा ट्रान्सफॉर्मर ठेवला, तारा उंच खांबांवर ठेवल्या, अर्थिंग खोल आणि पक्कं केलं. गोष्ट तीच, काळजी वेगळी.

आणि वायर वाचवण्याची पाळी का यायची, तेही लक्षात घ्यायला हवं. मुंबईला खोपोलीची वीज १९१५ मध्ये मिळाली. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात खेडोपाडी खांब दिसू लागले ते मुख्यतः १९६० मध्ये राज्याचं वीज मंडळ झाल्यानंतर. त्यातही कितीतरी वर्षं सरकारी व्याख्येनुसार गावाच्या हद्दीत कुठंही, कशासाठीही वीज वापरली गेली, की अख्खं गाव 'विद्युतीकृत' ठरायचं. ही व्याख्या नव्वदच्या दशकाअखेर बदलली. वीज गावात आली, पण खांबापासून गोठ्यापर्यंतचं अंतर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं कापलं.

म्हैस गेल्यावर तात्या त्यावर काही बोलले नाहीत. बाजाराच्या दिवशी दोन तारांची वायर घेऊन आले.

आता घराच्या बोर्डात आरसीसीबी आहे. त्याचं काम सोपं आहे. फेजमधून किती वीज गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली, एवढंच ते बघतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की कुणीतरी भलत्याच वाटेनं चाललंय असं समजून क्षणात पुरवठा तोडतं. तात्यांचा बल्ब याच्यावर लागलाच नसता. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. तुमच्याही घरी असेल तर एकदा दाबून बघा. मी मुरुडला गेलो की दाबतो. खटका पडतो, घरभर अंधार होतो आणि स्वयंपाकघरातून आई ओरडते, "पुन्हा दाबलंस का ते?"