आभाळ आणि काळी जमीन

वर्धा जिल्ह्यांतील नाचणगांव हें पुलगांवच्या शेजारचें गांव. वर्धा नदी ओलांडली कीं अमरावती जिल्हा लागतो. या बाजूच्या शेतांत भर दुपारीं उभें राहिलें असतां वर तापलेलें पांढरें आभाळ आणि खालीं कपाशीची काळी जमीन असा देखावा दिसतो. डोळा दोहोंस सहज सामावून घेतो. यंत्रास तें साधत नाहीं. आभाळ राखावें तर जमीन काळीठिक्कर होते, जमीन राखावी तर आभाळ कोरें पडतें. सृष्टिदेखाव्यांसाठीं बेताच्या किंमतीचा कॅमेरा निवडावयाचा तो ही अडचण ध्यानांत घेऊनच. आणि ती अडचण आजची नव्हे.

मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं एक होत. त्या काळीं दोन मार्ग होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीनें चित्र फार रेखीव उमटे. परंतु काचेवरील लेप वाळण्यापूर्वींच चित्र घेऊन तें धुवावें लागे. म्हणून काळोखी तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हीं सर्व बरोबर न्यावीं लागत. मेणकागद मात्र आधीं तयार करून ठेवतां येई. त्याचा रेखीवपणा कमी, पण प्रवासांत तो सोयीचा. लिनियस ट्राइप यानें १८५५ सालीं ब्रह्मदेशांत कागदच पत्करला. सर्वांत श्रेष्ठ साधन कोणतें, यापेक्षां या वाटेवर आणि या उन्हांत काम कोणतें देईल, हाच प्रश्न महत्त्वाचा होता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांतील अधिकारी रॉबर्ट गिल यास अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमण्यांत आलें. पुढें त्यानें दुहेरी भिंगाचा कॅमेरा हातीं घेतला, आणि १८६४ सालीं त्याचीं छायाचित्रें लंडनमध्यें ग्रंथरूपानें निघालीं. दोनच वर्षांनीं तेथील क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्याच्या बहुतेक रंगीत नकला जळाल्या. इवल्याशा काचांवरील छायाचित्रें मात्र छापील प्रतींमुळें टिकलीं.

त्या वेळच्या काचा निळ्या प्रकाशास अधिक संवेदनशील असल्यानें आभाळ बहुधा कोरें येई. यावर गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच चित्रकारानें १८५६-५७ च्या सुमारास युक्ति योजिली: समुद्राची एक काच, आभाळाची दुसरी, आणि दोहोंचें मिळून एक चित्र.

आज काचेची जागा सेन्सरनें घेतली आहे. प्रश्न तोच आहे. मोठा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरांचा असतो, मध्यम सुमारें २३.५ × १५.६ मिलिमीटरांचा. मोठ्याचें क्षेत्रफळ दुपटीहून अधिक, आणि किंमतही बहुधा तशीच चढी. परंतु मध्यम सेन्सरवर २४ मेगापिक्सेल असले म्हणजे २० × १३ इंचांचें स्वच्छ चित्र छापतां येतें. घरच्या भिंतीस यापेक्षां अधिक काय हवें? 'रॉ' नोंद ठेवणारा, प्रकाशाचें मान हातानें ठरवूं देणारा कॅमेरा पाहावा. उरलेला पैसा रुंद देखावा घेणाऱ्या भिंगावर आणि भक्कम तिवईवर खर्चावा. तिवई स्थिर असली कीं एक चित्र आभाळासाठीं आणि एक जमिनीसाठीं घेऊन, ल ग्रेप्रमाणें, दोन्ही जुळवितां येतात.

आणि सकाळचें कोंवळें ऊन नाचणगांवच्या शेतांवर फुकटच पडतें. त्या घटकेस आभाळ आणि जमीन यांतील अंतर कमी होतें. तें अंतर कोणताही महागडा कॅमेरा इतक्या स्वस्तांत कमी करूं शकत नाहीं.