विमान रचणाऱ्याची परीक्षा



सेवानिवृत्त शिक्षकाकडे पालक अद्यापि सल्ला विचारण्यास येतात. परवां एक गृहस्थ मुलासह आले व म्हणाले, "मास्तर, याला विमानांचा इंजिनियर व्हावयाचें आहे. कोणती परीक्षा द्यावी?" बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व गणित, मग प्रवेशपरीक्षा व चार वर्षांचा पदवीक्रम, हें उत्तर मीं दिलें. तथापि मुलाचे गणिताचे गुण काठावरचे होते. म्हणून त्याला राइट बंधूंची हकीकत सांगितली. तीच आज आपणांस सांगतों.

विल्बर व ऑर्व्हिल हे अमेरिकेंतील डेटन शहरीं सायकली विकीत व दुरुस्त करीत. हायस्कूलचें प्रमाणपत्र दोघांपाशींही नव्हतें. पदवी होती ती त्यांच्या बहिणीपाशीं, आणि ती शिक्षिका होती, हें मीं मुद्दाम सांगितलें!

१९०१ सालीं त्यांचें इंजिनविरहित विमान किटी हॉक येथील वाळूवर उडालें खरें, परंतु गणितानें जेवढी उचल मिळावयास हवी, तिच्या सुमारें एक तृतीयांशच मिळाली. असें कां व्हावें? कारागिराला वाटलें असतें, पंख नीट बसला नाहीं. या दोघांनीं ग्रंथांतील आंकड्यांवरच संशय घेतला. त्यांनीं ६ फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका टोकास पंखा बसविला, सायकलच्या चाकाच्या तारा व करवतीचीं पातीं यांचे तराजू बनविले आणि सुमारें २०० आकारांचे चिमुकले पंख वाऱ्यांत धरून मोजले. मोठी चूक निघाली ती वाऱ्याचा दाब काढण्याच्या गुणकांत. इंग्रज इंजिनियर स्मीटन याच्या नांवानें १७५९ पासून चालत आलेला हा गुणक ०.००५ होता; खरा निघाला ०.००३३ च्या आसपास. जवळजवळ दीडशें वर्षें तो आंकडा विद्वानांच्या पुस्तकांत सुखानें नांदत होता.

येथें मला एक कबुली द्यावीशी वाटते. पुस्तकामागील उत्तर चुकलें आहे, असें म्हणणाऱ्या एका विद्यार्थ्याला मीं बाकावर उभें केलें होतें. उत्तर खरोखरच चुकलें होतें. तो मुलगा पुढें भेटला नाहीं.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. दुकानांतील कारागीर चार्ल्स टेलर यानें सुमारें १२ अश्वशक्तीचें इंजिन सहा आठवड्यांत घडविलें आणि १७ डिसेंबर १९०३ रोजीं विमान १२ सेकंद उडालें. त्याच महिन्यांत सरकारी पैशावर बांधलेलें लँग्ले यांचें विमान पोटोमॅक नदींत पडलें. त्याचें इंजिन ५२ अश्वशक्तीचें होतें.

मग पदव्या कशाला, असें मुलानें विचारलेंच. पुढें ही विद्या पेटींतून विद्यापीठांत गेली. कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनींत गटिंगेन येथें प्रांट्ल यांच्या हाताखालीं शिकले, १९४२ सालीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत विमानविद्येचा विभाग त्यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाला, आणि त्यांच्या देखरेखीखालीं रचलेलें एच.टी.-२ हें शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्यें उडालें. गणितावांचून यांतील एकही पाऊल पडलें नसतें. राइट बंधूंनींही गणित टाळलें नव्हतें, तपासलें होतें.

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तो गुणक काढून दाखवाल?" येत्या शनिवारपासून त्याला मीं वहीसह यावयास सांगितलें आहे.